साठवलेले कागद, लेस, कुंदन: दिवाळीच्या कार्डांत कसे संपवावेत?

कात्रीकागद: रविवार पेठेतून वेळोवेळी आणलेली लेस, कुंदन, स्टिकर आणि डिझायनर कागदांचे तुकडे खोकंभर साचलेत. ३० कार्डं करायची आहेत. पण फेव्हिकॉलने पातळ कागद सुरकुततो, स्टिकर सुटतात. काय चुकतंय?

घडीमोड: फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं. कागद ते पितो, फुगतो आणि वाळताना आकसतो. पातळ कागदाला ग्लू स्टिक वापरा; फेव्हिकॉल फक्त कुंदनाला, टाचणीच्या टोकाने एक थेंब. जुन्या स्टिकरचा गोंद मेलेला असतो, त्यांनाही मागून ग्लू स्टिक लावा. पिवळी पडलेली दुहेरी टेप मात्र फेकाच, जीव अडकवू नका!
कार्डाच्या पायाला २५० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन; म्हणजे जाड) ए४ कागद घ्या. लांब बाजू निम्मी करून दोन तुकडे कापा, प्रत्येक तुकडा दुमडला की १०.५ × १४.८ सेंमीचं कार्ड. म्हणजे १५ कागद पुरे. वरचा डिझायनर तुकडा ९.९ × १४.२ कापा, चारी बाजूंनी ३ मिमी कड सुटते.

पेठकर: घडीआधी पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबा, नाहीतर जाड कागद घडीवर तडकतो. तंतूंची दिशाही बघा: कागद ज्या बाजूने सहज वाकतो, घडी तिकडेच.

सुईदोरा: लेसची टोकं १ सेंमी मागे वळवून चिकटवा, धागे सुटत नाहीत. पोस्टाने पाठवणार असाल तर कुंदन नकोच. दाबाने पाकीट फाटतं.

कात्रीकागद: मग कुंदन हातोहात द्यायच्या कार्डांना. टेप फेकली :)