मदत हवी आहे : पालकांना ‘लस एकदम सुरक्षित’ असं सांगावं का?

बोरकाठ :
जत तालुक्यातल्या एका वाडीवर पुढच्या लसीकरण सत्राआधी अंगणवाडीत पालकांची बैठक आहे. दीड महिन्याच्या पेंटानंतर (डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची एकत्रित लस) ताप आला म्हणून काही घरं अडीच महिन्यांच्या डोसाला नको म्हणतायत. ‘काही होत नाही’ असं त्यांना सांगितलं होतं, तेच आता अंगावर आलंय. मराठी आणि कानडीत पत्रक काढायचंय. त्रास होतो असं लिहिलं तर उरलेलेही पळतील का?

शीतपेटी :
आधी सांगितलं नाही म्हणूनच पळालेत. ‘एकदम सुरक्षित’ हे शब्द काढाच. पेंटातला डांग्या खोकल्याचा भाग अख्ख्या मृत जंतूंचा असतो, त्यामुळे साधारण निम्म्या बाळांना एक-दोन दिवस ताप येतो, मांडी सुजते. असंच लिहा. तीन तासांवर रडं थांबेना, झटका आला, बाळ गळून किंवा निळं पडलं तर वाट न पाहता 108. एमआरचा (गोवर-रुबेलाच्या लशीचा) ताप मात्र 7 ते 12 दिवसांनी येतो, कधी पुरळासह. हे आधी सांगितलं नाही तर आठव्या दिवशी भलतीच शंका निघते.

तापाच्या औषधाची मात्रा आरोग्यसेविकेकडून बाळाच्या वजनावर लिहून घ्या. पॅरासिटामॉलचे थेंब 1 मिलीत 100 मिग्रॅ आणि सिरप 5 मिलीत 125 मिग्रॅ, म्हणजे थेंब चौपट तीव्र. घरोघरी गोंधळ इथंच होतो.

कृष्णाकाठ :
पत्रकापेक्षा बाटली दाखवा. लेबलावरच्या वर्तुळातला चौकोन वर्तुळापेक्षा फिका हवा. रंग सारखा झाला की बाटली बाद. पण तो फक्त उष्णता दाखवतो, गोठणं नाही. पेंटा गोठली की निकामी होते, वर गाठही जास्त येते. चूक बहुतेक आईसपॅकची असते: फ्रीजरमधून काढून थेट लस नेण्याच्या पेटीत (कॅरिअरमध्ये). पॅक हलवल्यावर आत पाणी खळखळलं पाहिजे.

एमआरच्या बाटलीवर विरघळवल्याची वेळ लिहिलेली असते, ती पालकांना वाचू द्या. चार तासांनंतर फेकायची, कारण तिच्यात जंतू रोखणारं द्रव्य नसतं. उशिरा आलेल्या एका बाळासाठी उरलेली वापरली तर जीवावर बेतू शकतं.

बोरकाठ :
हे जमेल. पण ‘बाळ दगावलं तर लशीमुळे नाही असंच म्हणणार ना तुम्ही?’ याला काय उत्तर?

शीतपेटी :
त्या दिवशी ‘लशीमुळे नाही’ म्हणू नका, ‘लशीमुळेच’ही नको. ‘24 तासांत वर कळवतो आणि चौकशी होते’ एवढंच खरं आहे, तेवढंच बोला. चौकशीत लशीचा गुणधर्म, दर्जातला दोष, देताना झालेली चूक, सुईची धास्ती आणि योगायोग असे वेगवेगळे रकाने असतात. माहिती अपुरी असेल तर तेही लिहावं लागतं. पालकांना स्वतः कळवायचं असेल तर 1800-180-3024, टोल फ्री. हा नंबर पत्रकावर मोठ्या अक्षरात छापा. तो लपवला की पुढचं सगळं खोटं वाटतं.

‘लस कधी मागे घेतात का?’ असंही कुणी विचारेल. घेतात. अमेरिकेत 1998 ला आलेली रोटाशील्ड ही रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची लस 1999 मध्ये बंद केली. साधारण दहा हजारांत एका बाळाला आतडं आतड्यात सरकण्याचा त्रास होत होता, आणि तो नोंदींतूनच सापडला. आपल्याकडे हल्ली देतात ती रोटाची लस वेगळी, पण वारंवार उलट्या, शौचात रक्त, थांबून थांबून कळवळून रडणं दिसलं तर थेट मिरज-सांगलीचं मोठं रुग्णालय.

कृष्णाकाठ :
कानडी मजकूर छापायच्या आधी सीमेकडच्या एखाद्या आशाताईंना मोठ्यानं वाचायला लावा. पुस्तकी कानडी तिथं कुणी बोलत नाही.