हुमलातील मुलीचे बोर्डिंग बंद आहे. शैक्षणिक पालकत्वाचे पैसे यंदा कोणाला द्यावेत?

मानसयात्री (धागाकर्ती), 4 ऑक्टोबर 2020

जुलै 2018मध्ये कैलास-मानसरोवराहून परतताना खराब हवामानामुळे आमचा गट नेपाळच्या हुमला जिल्ह्यात, सिमिकोट येथे चार दिवस अडकला होता. सिमिकोट आणि तिबेटच्या सीमेवरचे हिलसा मिळून तेव्हा हजाराहून अधिक भारतीय यात्रेकरू खोळंबले होते, हे काहींना आठवत असेल. ज्या लॉजमध्ये आम्ही उतरलो, तेथे स्वयंपाकघरात राबणाऱ्या गृहस्थांच्या मुलीचे शैक्षणिक पालकत्व मी घेतले. ती काठमांडूच्या एका खासगी निवासी शाळेत, तिकडच्या भाषेत ‘बोर्डिंग’मध्ये, शिकते. मी दर वर्षी 30,000 रुपये, म्हणजे नेपाळी 48,000 रुपये, पाठवते.

यंदा 18 मार्चपर्यंत परीक्षा उरकण्याचा सरकारी आदेश निघाला, लगेच शाळा बंद झाल्या आणि 24 मार्चला टाळेबंदी लागली. मधल्या चार दिवसांत वडिलांनी कसेबसे विमान गाठून तिला गावी नेले. हुमलाला बाकी देशाशी जोडणारा मोटाररस्ता नाही. नेपाळगंज किंवा सुर्खेतहून सुटणाऱ्या छोट्या विमानावर सारी भिस्त असते. यंदा यात्रा झाली नाही, हिलसापलीकडची हद्द बंद असल्याने तिबेटमधल्या तकलाकोटशी चालणारा व्यापार थांबला, लॉजला कुलूप लागले आणि वडिलांचे काम गेले.

अशा स्थितीत शाळेने ‘ऑनलाइन वर्ग चालू आहेत’ या कारणावरून पूर्ण वर्षाचे शुल्क मागितले आहे. मुलीच्या गावात साधा फोन लागावा म्हणून अर्धा तास चढ चढावा लागतो. जिथे रेडिओ, दूरचित्रवाणी वा इंटरनेट पोहोचत नाही, तिथे वस्तीतच मुलांना गोळा करून शिकवण्याची ‘टोल शिक्षा’ नेपाळमध्ये अनेक ठिकाणी सुरू झाली आहे. त्या गावातही बारावी झालेली एक मुलगी बारा मुलांना अंगणात शिकवते. शाळेचे पैसे थांबवून ते तिला मानधन म्हणून द्यावेत, असे माझे मत झाले आहे. आपणास काय वाटते?

अनघा_ठाणे

मानसयात्रीताई, आपला हेतू मला समजतो, पण निर्णय चुकेल असे वाटते. नेपाळमधील दहावीची परीक्षा, म्हणजे एसईई, यंदा सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पुढे ढकलली गेली आणि शेवटी शाळांनी केलेल्या अंतर्गत मूल्यमापनावरच मुलांना श्रेणी मिळाली. म्हणजे ज्या वर्षी शिकवणे जवळजवळ थांबले, त्याच वर्षी शाळेच्या पटावर नाव असण्याला सर्वाधिक किंमत आली. आपली मुलगी दहावीत नाही हे खरे, पण आज पटावरून नाव गेले तर पुढच्या वर्षी तिला त्याच वर्गात परत घेतीलच याची हमी कोण देणार?

शिवाय खासगी शाळेतील शिक्षकांचे पगार याच शुल्कातून होतात, हेही आपण विसरतो. माझ्या मुलाच्या ठाण्यातील शाळेचे शुल्क मी कुरकुरत का होईना भरले आहे. तोच नियम हुमलाच्या मुलीला का लावू नये?

जुना गिरिभ्रमक

मी मानसयात्रींच्या बाजूचा आहे, आणि खरे तर त्यांच्याही पुढे जाऊन म्हणतो की हे शुल्क महामारी नसती तरी थांबवायला हवे होते.

1996 ते 2006 या सशस्त्र संघर्षाच्या काळात हुमलासारख्या जिल्ह्यांत दलाल फिरत होते. मुलाला काठमांडूत शिकवतो, माओवाद्यांच्या भरतीपासून वाचवतो, असे सांगून त्यांनी आईबापांकडून पैसे घेतले आणि पुढे त्यातली अनेक मुले ‘अनाथाश्रमां’त सापडली, तेव्हा बहुतेकांचे आईवडील गावाकडे जिवंत होते. 2015च्या भूकंपानंतर मुलांना पालकांशिवाय वा परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर नेण्यावर सरकारला बंदी घालावी लागली, ती याच अनुभवामुळे. आपली शाळा तशी नसेल, मी तसा आरोप करत नाही. पण डोंगरातले मूल उचलून शहरात ठेवले की त्याचे भले होते, या समजुतीवर दोन्ही व्यवहार उभे आहेत, आणि आपण पाठवलेला प्रत्येक रुपया ती समजूत पक्की करतो.

दुसरे उदाहरण खुंबूचे, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या भागाचे. एडमंड हिलरींनी 1961मध्ये शाळा उभारली ती खुमजुंगमध्ये, मुले जिथे होती तिथे. त्या शाळेतून पुढे डॉक्टर आणि वैमानिक झाले, आणि त्यासाठी कोणा सहा वर्षांच्या मुलाला घर सोडावे लागले नाही.

ताई, एक विचारतो. सहा महिने गावी राहिलेली ही मुलगी आजीशी कोणत्या भाषेत बोलते?

मानसयात्री

हा प्रश्न बोचला. वरच्या हुमलातील त्यांची बोली तिबेटी वळणाची आहे. मार्चमध्ये ती घरी पोहोचली तेव्हा आजीचे बोलणे तिला अर्धेच कळत होते आणि उत्तर ती नेपाळीत देत होती, असे तिच्या वडिलांनी मला हसत सांगितले होते. मी तेव्हा त्यांच्यासोबत हसले.

अनघा_ठाणे

खुंबूची तुलना मला पटत नाही. खुमजुंगच्या शाळेमागे हिलरींची संस्था साठ वर्षे उभी आहे आणि शेजारून सगरमाथ्याच्या (एव्हरेस्टच्या) पायथ्याला जाणाऱ्या गिर्यारोहकांचा पैसा वाहतो. हुमलात यांपैकी काय आहे? राज्यघटनेने मूलभूत शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, पण डोल्पा-मुगू जिल्ह्यांकडे यार्सागुम्बाचा, म्हणजे महागड्या औषधी बुरशीचा, हंगाम आला की शाळाच ओस पडतात, कारण घरातली सगळी माणसे, मुलेसुद्धा, ते वेचायला उंच कुरणांवर जातात. गावच्या शाळेची ही दशा असताना एखाद्या बापाने मुलीला काठमांडूला धाडले, तर त्याची समजूत भाबडी आहे असे आपण इथे बसून कसे ठरवायचे? आपणही खेड्यांतून शहरांत शिकायलाच आलो होतो, आणि आपल्यातल्या किती जणांची मुले आजीशी तिच्या बोलीत बोलतात?

रोखठोक

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! नंदुरबारच्या पाड्यांतली मुले घरी बसली आहेत, ती कोणाला दिसत नाहीत काय?

सातपुड्याचा मास्तर

रोखठोक, त्याच मुलांना शिकवून आत्ता घरी आलो आहे, आणि हुमलाला पैसे गेल्यामुळे माझ्या पाड्याचे काही बिघडत नाही.

मानसयात्रीताई, अक्राणी तालुक्यात आश्रमशाळा बंद झाल्यावर मुले पाड्यांवर परतली आणि आम्ही ओट्यावर शिकवू लागलो, म्हणून एवढेच सांगतो. बाहेरून मानधन आले की पहिले तीन महिने उत्साह असतो. ते थांबले की शिकवणारीला फुकट शिकवायला लाज वाटू लागते आणि गावाला तिला ठेवून घ्यायला. आधी तिला कोण काय देत होते, हे पाहूनच हात घाला. आणि या साऱ्या धाग्यात मुलीच्या वडिलांना कोणी काही विचारल्याचे मला दिसले नाही.

मानसयात्री, 18 ऑक्टोबर 2020

मास्तर, आपण म्हणालात ते खरे होते. काल वडिलांशी फोन लागला. ते चढ चढून आले होते, धाप लागलेली ऐकू येत होती.

शिकवणाऱ्या मुलीला प्रत्येक घरातून फापर (कुट्टूचे धान्य) आणि बटाटे मिळतात, पैसे पाठवू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बोर्डिंगमधले नाव काढू नका, असेही म्हणाले. त्यांची खरी अडचण मात्र मी कल्पनाही केली नव्हती अशी निघाली: परीक्षेनंतर घाईने निघताना मुलीची नव्या वर्षासाठी घेतलेली पुस्तके वसतिगृहातल्या पत्र्याच्या पेटीतच राहिली. अंगणातल्या बारा मुलांकडे मिळून जुनी, पाने सुटलेली तीन पुस्तके आहेत. 21 सप्टेंबरपासून देशांतर्गत विमाने सुरू झाली आहेत. पेटी नेपाळगंजपर्यंत आली तर पुढे सिमिकोटला ती आणण्याची व्यवस्था ते करतील.

आज शाळेला फोन केला. आधी शुल्काची पावती, मग पेटी, असे उत्तर मिळाले. मी निम्मे वर्ष, 15,000 रुपये, भरले आहेत. उरलेल्याविषयी अजून ठरवलेले नाही.

जुना गिरिभ्रमक

पेटी सोडवण्यासाठी शुल्क भरावे लागले, यातच माझे म्हणणे आले. तरीही पेटीच्या विमानभाड्याचे पैसे मी देतो, कळवा. बोर्डिंगसाठी मात्र माझ्याकडून एक रुपयाही येणार नाही.

अनघा_ठाणे

विमानभाडे निम्मे माझे. आणि उरलेले 15,000ही भरून टाका, ताई.