छोट्या देशाचं पहिलं अणुवीज केंद्र: सुरुवात नेमकी कुठून करायची?

वैदेही_

ऊर्जा धोरणाच्या अभ्यासक्रमात आमच्या गटाला एका काल्पनिक देशाचा आराखडा करायचा आहे. लोकसंख्या चाळीस लाख, विजेची कमाल मागणी ३००० मेगावॅट, गॅस सगळा आयात. सरकारने अणुऊर्जेचा विचार सुरू करायचं ठरवलंय, एवढंच दिलंय.

गटातले निम्मे लोक म्हणतात, आधी अणुभट्टी निवडू, बाकीचं तिच्यामागून येईल. मला हे पटत नाहीये, पण खोडूनही काढता येत नाहीये. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या (आयएईए) मार्गदर्शिकेत तीन टप्पे आणि १९ मुद्दे आहेत. वाचताना सगळेच सारख्या महत्त्वाचे वाटतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत खरोखर काय करायचं? इथे या क्षेत्रातली मंडळी आहेत म्हणून विचारते.

जुना निरीक्षक

वैदेही, तुमची शंका रास्त आहे. भट्टीची निवड आत्ता बाजूला ठेवा. माझी नोकरी अणुऊर्जेच्या नियमनात गेली, त्यातही बराच काळ बांधकामावर, त्यामुळे मी त्या बाजूनेच बोलणार.

भट्टीच्या इमारतीच्या पायाचं काँक्रीट ओतण्याआधी एक होल्ड पॉइंट असतो, म्हणजे तपासणी होऊन सही मिळेपर्यंत काम थांबवायची जागा. सळयांचा पिंजरा बांधून तयार असतो, माणूस जेमतेम शिरेल एवढ्या दाटीचा. निरीक्षक आत उतरतो. सळ्यांचं अंतर, कव्हर, कपलर, पुरायच्या प्लेट्स, सगळं ड्रॉइंगशी ताडून बघतो. बाहेर पंप लागलेला, मिक्सरच्या गाड्या रांगेत उभ्या. एक प्लेट जागेवर नसेल तर त्याने सही करायची नाही. सही नाही तर काँक्रीट नाही, आणि थांबलेल्या प्रत्येक दिवसाचा खर्च कुणाच्या तरी डोक्यावर चढतो. आता हा निरीक्षक त्याच मंत्रालयाचा नोकर आहे असं समजा, ज्याने प्रकल्पासाठी कर्ज काढलंय आणि उद्घाटनाची तारीखही जाहीर करून टाकलीय. तो सही अडवेल?

म्हणून आधी कायदा, आणि त्या कायद्याने उभा राहिलेला स्वतंत्र नियामक. त्याचं बजेट वेगळं, त्याच्या प्रमुखाला सहजासहजी हटवता येऊ नये. हे कंत्राटावर सही होण्याआधी व्हायला हवं. नंतर केलेला नियामक पहिल्या दिवसापासून वेळापत्रकाच्या मागे धावत असतो.

संयुक्त अरब अमिरातीचं उदाहरण तुमच्या गटापुढे ठेवा. एप्रिल २००८ मध्ये धोरण जाहीर झालं. त्यातच सांगून टाकलं की युरेनियमचं समृद्धीकरण आणि वापरलेल्या इंधनाची पुनर्प्रक्रिया, म्हणजे ज्यातून अण्वस्त्रांचा मालही बनू शकतो ती कामं, देशात करणार नाही. त्यामुळे बाहेरच्या देशांशी करार सोपे झाले. २००९ मध्ये अणुकायदा आणि नियामक. कोरियाशी सुमारे २० अब्ज डॉलरचं कंत्राट त्याच वर्षीच्या डिसेंबरात. बराकाह इथल्या त्या केंद्राचं पहिलं काँक्रीट मात्र जुलै २०१२ मध्ये पडलं. मधली अडीच वर्षं मुख्यतः परवान्याच्या छाननीची आणि जागेच्या तयारीची.

नियामकाचा पहिला महासंचालक अमेरिकेच्या अणुनियामक आयोगात वरिष्ठ पदावर राहिलेला माणूस होता. त्यात कमीपणा काही नाही. अनुभवी माणसं बाहेरून आणा, शेजारी आपली तरुण पोरं बसवा. सुरक्षिततेची जबाबदारी मात्र बाहेरच्यावर टाकता येत नाही. ती त्या देशाची आणि परवानाधारकाचीच. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं: पहिल्या युनिटचं बांधकाम २०१८ मध्ये पूर्ण झालं, तरी चालवण्याचा परवाना फेब्रुवारी २०२० मध्ये मिळाला. मधल्या काळात चालवणाऱ्यांची तयारी पुरती व्हायची होती. तयार केंद्र तसंच उभं ठेवायला हिंमत लागते, आणि नियामक आधीपासून पक्का असेल तरच ती येते.

अमिरातीकडे पैसा होता, हे खरंच. जॉर्डनने रशियाच्या दोन १००० मेगावॅटच्या भट्ट्यांचा बेत २०१८ मध्ये पैशापायी सोडला. पण २०१६ मध्ये सुरू केलेली ५ मेगावॅटची संशोधन भट्टी त्यांच्याकडे आहे, आणि तिच्यावर शिकणारी माणसंही. बेत बदलला तरी माणसं राहतात. पहिल्या वर्षी पैसा कशावर घालायचा, तर यावर.

ग्रीडवाला

निरीक्षकसाहेबांशी सहमत. माझी भर विजेच्या जाळ्याबद्दल, म्हणजे ग्रीडबद्दल.

३००० मेगावॅट मागणीच्या ग्रीडवर १२०० मेगावॅटचं एक युनिट लावाल तर ते ट्रिप होताच, म्हणजे अचानक बंद पडताच, फ्रिक्वेन्सी कोसळेल आणि देश अंधारात जाईल. ढोबळ नियम असा की एक युनिट ग्रीडच्या दहा टक्क्यांच्या आसपास असावं. आणि अंधार हा अर्धाच प्रश्न. भट्टी बंद झाली तरी उष्णता लगेच थांबत नाही. बंद झाल्या क्षणी ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते, तासाभराने दीड टक्क्यावर येते. मोठ्या भट्टीत सुरुवातीला हे जवळपास २०० मेगावॅट उष्णता होते. ती काढायला पंप, पंपांना वीज, आणि ती वीज आधी ग्रीडकडूनच यायची असते. डिझेल जनरेटर असतात, पण रोज त्यांच्यावर भिस्त ठेवायची नसते. ग्रीड दुबळं असेल तर तो सुरक्षेचाच प्रश्न झाला.

स्लोव्हेनिया बघा. वीस लाखांच्या घरात लोकसंख्या, १९८३ पासून क्रश्कोचं केंद्र चालू, सातशे मेगावॅटपेक्षा थोडं कमी. निम्मी मालकी आणि निम्मी वीज क्रोएशियाची, शिवाय शेजाऱ्यांशी मजबूत जोडण्या. बांगलादेशात रूपपूरच्या २४०० मेगावॅटसाठी मोठमोठ्या नद्या ओलांडणाऱ्या लाइन्स हे वेगळंच अवघड काम होऊन बसलं. तुमच्या आराखड्यात ट्रान्समिशनचं पान दिसलं नाही तर मी तरी मार्क देणार नाही.

शलाका२

लोकांना कधी विचारायचं, हे अजून कुणी काढलंच नाही. ऑस्ट्रियात झ्वेंटेनडॉर्फचं केंद्र बांधून तयार होतं. ५ नोव्हेंबर १९७८ च्या सार्वमतात साधारण ५०.५ टक्के लोकांनी 'नको' म्हटलं. केंद्र एक दिवसही चाललं नाही. फिलिपिन्समधलं बातानचं ६२१ मेगावॅटचं केंद्रही कधी चालू झालं नाही, आणि त्याचं कर्ज २००७ पर्यंत फेडत बसले. जागा ठरवून मग गावात सभा घेणं म्हणजे लोकांना निर्णय ऐकवणं. भूकंप, पाणी, भट्टीजवळून लोक बाहेर काढायचे रस्ते, सगळ्या अभ्यासांचे कागद जागा पक्की होण्याआधी गावकऱ्यांच्या हातात, त्यांच्या भाषेत पडले पाहिजेत. याची मला मनापासून तळमळ वाटते.

वैदेही_

तिघांचेही आभार. ग्रीडवाला, तुमच्या दहा टक्क्यांनी तर आमच्या गटाला उलट बळच मिळालं! ते म्हणतात, मग ३०० मेगावॅटची छोटी मॉड्युलर भट्टी (कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडायची) घेऊ, सगळे प्रश्न लहान होतील.

जुना निरीक्षक

ग्रीडचा प्रश्न लहान होईल, हे कबूल. पण अणुसामग्री शस्त्रांकडे वळत नाही ना हे आयएईएला तपासू देणारा करार, अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा, वापरलेलं इंधन, आपत्कालीन योजना, भट्टी मोडीत काढायचा निधी, हे ३०० मेगावॅटलाही लागतंच. एस्टोनिया बघा, तेरा-चौदा लाखांचा देश, छोट्या भट्टीचाच विचार. आधी सरकारी कार्यगटाने अभ्यास केला, २०२३ च्या शेवटी अहवाल दिला, आणि जून २०२४ मध्ये संसदेने ठराव करून अणुकायदा आणि नियामकाच्या कामाला वाट दिली. भट्टीचं कंत्राट अजून पुढे.

आणखी एक अट गटाच्या गळी उतरवा: पहिल्या भट्टीचं मूळ रूप दुसरीकडे परवाना मिळून चालू असलेलं हवं. बराकाहचं मूळ रूप, शिन कोरी ३, कोरियात २०१६ मध्ये, म्हणजे बराकाहला चालवण्याचा परवाना मिळण्याआधी, व्यापारी उत्पादनात आलं. नव्या डिझाइनची पहिली छाननी चाळीस लाखांच्या देशाच्या नव्या नियामकावर टाकू नका.

आराखड्याची पहिली तीन वर्षं अशी मांडा: मंत्रालयांवरचा एक समन्वय गट, कायद्याचा मसुदा, नियामकाची पहिली भरती, ग्रीडचा अभ्यास, जागांची प्राथमिक चाचपणी आणि गावांशी बोलणी. भट्टी विकणारा देश वापरलेलं इंधन परत नेणार की ते आपल्याकडे राहणार, हेही तेव्हाच विचारून घ्या. किंमत ठरल्यावर ते कुणी फुकट देत नाही. मसुदा झाला की इथे टाका, मी वाचून देईन.