अर्थ माहीत नसेल तर 'डिप्रेशन' म्हणू नका!

सातरस्तेकर:
परवा सोलापुरात पार्क चौकात भेळ खाताना शेजारची पोरगी म्हणाली, "आज जाम डिप्रेशन आलंय गं." दुसरी म्हणते, "मला तर ओसीडीच आहे, चादरीची घडी वाकडी झालेली चालत नाही." बारावीला मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे भेळ तिथंच कडू झाली. डिप्रेशन म्हणायला उदासी किंवा कशातच रस न वाटणं निदान २ आठवडे, जवळजवळ रोज असावं लागतं; जोडीला झोप, भूक, एकाग्रता असं बरंच बिघडलेलं असतं. ओसीडीला तर आपल्याकडे 'मंत्रचळ' हा शब्द आहे. नको तो विचार पिच्छा सोडत नाही, तो शमवायला माणूस तेच तेच करत बसतो. टापटिपीची हौस वेगळी. अर्थ माहीत नसेल तर हे शब्द वापरूच नयेत.

मागाचा_खटखटाट:
सर, नाही पटलं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरात यंत्रमाग. आई ३ महिने धड जेवेना, बोलेना. घरचे म्हणायचे आळस, शेजारचे म्हणायचे बाहेरचं काहीतरी. धाकटी बहीण मोबाईलवर 'डिप्रेशन' ऐकून आली, म्हणून डॉक्टरकडे गेलो. तिला कुठं व्याख्या पाठ होती? तुमचं ऐकलं असतं तर ती गप्प बसली असती.

सातरस्तेकर:
बहिणीनं शंका काढली, निदान डॉक्टरांनी केलं. फरक आहे.

मागाचा_खटखटाट:
तो फरक आत्ता काढला तुम्ही. वर 'वापरूच नयेत' लिहिलंय.

शेंगाचटणी:
मराठी शब्दांनी तरी कुठं भागतंय? स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराला 'छिन्नमनस्कता' म्हणतात, ते वाचून आमच्या वर्गात निम्म्यांनी 'एका अंगात दोन माणसं' लिहिलं होतं. मुळात स्विस मानसोपचारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ साली 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द आणला, त्याचा अर्थच दुभंगलेलं मन. त्यांना म्हणायचं होतं विचार, भावना यांची आपसांतली फारकत. लोकांनी धरली दोन व्यक्तिमत्त्वं. आणि 'नकारात्मक प्रबलन' म्हणजे शिक्षा नव्हे, हे मला बीएला कळलं! पुस्तक उघडलं की आईची कटकट थांबते, म्हणून आपण पुढंही उघडतो, ते नकारात्मक प्रबलन.

मागाचा_खटखटाट:
बघा! नाव ठेवताना घोळ तज्ज्ञांचा, ओरडा भेळ खाणाऱ्या पोरींना.

सातरस्तेकर:
बरं, 'वापरूच नयेत' मागे घेतो. ओसीडीचं मात्र नाही. एका विद्यार्थ्याचे हात धुऊन धुऊन सोललेत. कुणी हसत 'मला पण ओसीडी' म्हटलं की तो हात बाकाखाली घेतो.

मागाचा_खटखटाट:
मग हसणाऱ्याला झापा की सर. शब्दावर कशाला बंदी?