मदत हवी आहे : धावत्या कुत्रीचे डोळे फोकसमध्ये येत नाहीत

नमस्कार मंडळी. आमची काळी कुत्री चेंडूमागे सुटली की एका क्षणी चारही पाय हवेत, कान मागे उडालेले. तोच क्षण मला हवाय. शटर १/१००० सेकंदावर, कंटिन्युअस फोकस (हलत्या गोष्टीवर सतत फोकस धरणारा) आणि बर्स्ट (सलग भराभर फोटो) चालू ठेवून तिच्या उंचीला येण्यासाठी गवतात पालथी पडून फोटो काढते. आडवी धावताना बरे येतात. पण सरळ माझ्याकडे आली की शेपटीचे केस स्पष्ट आणि डोळे धूसर! शटर १/२००० केलं तर संध्याकाळी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ६४०० वर जातो, फोटोत तिच्या अंगावर नुसते दाणे दिसतात. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/२.८ वरून लहान करून एफ/५.६ करावं, की फोकसचा एकच बिंदू सोडून झोन (अनेक बिंदूंचा गट) वापरावा? ती आता नऊ वर्षांची आहे, वेग कमी होत चाललाय. लवकर सांगाल का?