झेब्रा लोचसाठी नदीचं पात्र कसं तपासावं?

प्रश्न: पश्चिम घाटातला झेब्रा लोच (शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रायाटा) हा तळाशी राहणारा छोटा मासा आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या, यादीत संकटग्रस्त आहे. एखाद्या पात्रात तो तग धरेल का, हे मासा न पकडता कसं ओळखायचं?

उत्तर १: तळाचा एक दगड उचलून पाहा. गोटे सुटे आणि फटींतून पाणी खेळतं असेल तर आशा आहे. दगड गाळात रुतलेला असेल तर लपायला जागा नाही, खायला अळ्याही नाहीत. वरून पाणी नितळ दिसतं म्हणून फसू नका! दगड होता तसाच परत ठेवा, कृपया.

उत्तर २: वरच्या अंगाला वाळूउपसा आहे का तेही बघा. ढवळलेला गाळ खाली येऊन याच फटी बुजवतो.

उत्तर ३: परवानगीने पकडलाच, तर जपून. डोळ्याखालचा काटा जाळीत अडकतो. ओढू नका, धागा कापा.