बंदूक घ्यावी का? (न्यू जर्सी, ग्रीन कार्ड, घरात दोन मुलं)

पिंपळपान:
सरळच विचारतो. आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत. ग्रीन कार्ड मागच्या वर्षी हातात पडलं. घरात बायको, नववीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि उन्हाळाभर माझे आईवडील. पंधरा वर्षांत बंदुकीचा विचार मनाला शिवला नव्हता. पण जून २०२५ मध्ये मिनेसोटात आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या नवऱ्याला पोलिसाचा वेश घालून आलेल्या माणसाने राहत्या घरी मारलं. सप्टेंबरात युटामध्ये चार्ली कर्कला विद्यापीठाच्या आवारात भर सभेत गोळी घातली. एक डेमोक्रॅट, दुसरा ट्रम्पचा कट्टर समर्थक, म्हणजे कोणाचीच बाजू सुरक्षित नाही. त्यात आपल्या लोकांबद्दल हल्ली ऑनलाइन जे लिहिलं जातं, ते वाचून रात्री उठून दाराची कडी बघतो.

ऑफिसात एक माजी सैनिक आहे. तो म्हणतो, आधी क्लास कर, मग ठरव. बायको म्हणते, घरात बंदूक आली तर मी पोरांना घेऊन पुण्याला. घ्यावी का? निदान शिकावी का? कोणता पक्ष बरोबर यावर कृपया भांडू नका.

टेक्सासचा मावळा:
घ्या. बिनधास्त घ्या. १९९२ च्या लॉस एंजेलिसच्या दंगलीत कोरियाटाउनमध्ये काय झालं ते आठवा. पोलीस श्रीमंत वस्त्या सांभाळत बसले आणि कोरियन दुकानदारांना छपरांवर बंदुका घेऊन उभं राहावं लागलं. तेही आपल्यासारखेच बाहेरून आलेले, कष्ट करून दुकान थाटलेले. आमच्याकडे सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते आणि आकाश कोसळलेलं नाही. मी दोन ठेवतो. ९११ ला फोन केल्यावर गाडी येईपर्यंतची मिनिटं तुमची असतात, पोलिसांची नाही.

कोकणी कासव:
मावळे, गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्याच कोरियाटाउनमध्ये एडवर्ड ली नावाचा अठरा वर्षांचा कोरियन मुलगा मारला गेला. तोही दुकानं वाचवायला गेला होता आणि तो लुटारू आहे असं समजून त्याच्याच माणसांनी गोळ्या घातल्या. छपरावरच्या माणसांचे फोटो सगळ्यांना पाठ आहेत, त्या पोराचं नाव कोणाला माहीत नसतं.

आणि पिंपळपान, तुमचीच उदाहरणं घ्या. कर्कला लांबच्या छपरावरून रायफलने मारलं. तुमच्या कपाटातल्या पिस्तुलाने तिथे काय होणार होतं? मिनेसोटाचा मारेकरी पोलीस बनून आला. रात्री दारात वर्दीतला माणूस दिसल्यावर तुम्ही बंदूक रोखणार? तो खरा पोलीस निघाला तर? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

टेक्सासचा मावळा:
मग हात जोडून उभं राहायचं का? २०१७ मध्ये कॅन्ससच्या ओलेथमध्ये श्रीनिवास कुचिभोटला मारला गेला, तो काय राजकारणी होता? ऑफिस सुटल्यावर मित्राबरोबर बिअर प्यायला बसला होता.

कोकणी कासव:
त्याच्या खिशात पिस्तूल असतं तर तो वाचला असता, हे तुम्ही कशावरून ठरवलं? इयान ग्रिलट हा तिथला दुसरा गिऱ्हाईक हल्लेखोरामागे धावला. त्याने गोळ्या मोजल्या होत्या, संपल्या असं त्याला वाटलं. संपल्या नव्हत्या. तो जखमी झाला. शूर माणूस, पण गोंधळात मोजणीही चुकते.

खंडेनवमी:
मी सिंधुदुर्गातला, सध्या मिशिगनमध्ये. आमच्या घरात आजोबांच्या वेळची शेतीसंरक्षण परवान्याची बंदूक होती. डुकरं आणि माकडं यांच्यासाठी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिला हळदकुंकू लागायचं, बाकी वर्षभर ती माळ्यावर. आणि निवडणूक जाहीर झाली की आजोबा ती पोत्यात गुंडाळून एसटीने पोलीस ठाण्यात जमा करायला जायचे. निकाल लागून सगळं थंड झालं की परत आणायचे. लहानपणी वाटायचं हाच जगाचा नियम.

इथे उलटं. वातावरण तापलं की लोक दुकानात रांग लावतात. २०२० मध्ये, कोविड, पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू आणि निवडणूक असं सगळं एका वर्षात आलं, तेव्हा एफबीआयकडे बंदूक घेणाऱ्यांच्या पार्श्वभूमी तपासणीच्या ३ कोटी ९० लाखांहून जास्त विनंत्या गेल्या. तिकडे सरकार म्हणतं, तापलंय, बंदुका आणून द्या. इकडे शेजारी म्हणतो, तापलंय, अजून घेतली नाहीस? शहाणपणा कुठला ते तुम्ही ठरवा. आमचे आजोबा मात्र कधी कुरकुरले नाहीत, एसटीच्या भाड्याबद्दल सोडून.

रात्रपाळी:
मी रुग्णालयाच्या इमर्जन्सीत नर्स आहे. दंगलीतली, दरोड्यातली माणसं येतात, नाही असं नाही. पण २०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यातली २६,३२८ आत्महत्या. अर्ध्याहून जास्त. कॅलिफोर्नियातल्या लाखो लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये आला. त्यात स्वतःची हँडगन असलेल्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण ती नसलेल्यांच्या आठपट निघालं, बायकांमध्ये ३५ पट. औषधाच्या गोळ्या खाऊन आलेली बरीच मुलं मी घरी परत जाताना पाहिली आहेत. बंदूक वापरलेली जवळजवळ कोणीच नाही.

तुमचा मुलगा नववीत आहे. ग्रेड्स, ब्रेकअप, मित्रांनी टाकणं, या वयात वाईट रात्र सगळ्यांचीच येते. त्या रात्री घरात काय आहे, इतकाच प्रश्न आहे. बाहेरचा माणूस येईल तेव्हा येईल.

टेक्सासचा मावळा:
ताई, आकडे खरे असतील. पण मग स्विमिंग पूल नको, गाडी नको. बोटाच्या ठशाने उघडणारी तिजोरी मिळते, गोळ्या वेगळ्या ठेवा.

रात्रपाळी:
गोळ्या वेगळ्या, बंदूक तिजोरीत, तर मग मध्यरात्री दार फुटल्यावर तुम्ही ती किती वेळात काढणार? हाताशी ठेवली तर पोराच्याही हाताशी. यातून मधला रस्ता मला अजून कोणी दाखवलेला नाही. दाखवलात तर ऐकेन.

रांगेतला:
एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. एच-वन-बी किंवा कोणत्याही नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं गुन्हा आहे, वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. विकत घेणं सोडाच, रेंजवर भाड्याची बंदूक हातात धरणंही त्यात येऊ शकतं. आपली पोरं वाढदिवसाला वेगासला जाऊन मशीनगन चालवतात आणि फोटो टाकतात, त्यांना हे सांगा. पिंपळपान, तुम्हाला ग्रीन कार्ड आहे, चालेल. पण आईवडील व्हिजिटर व्हिसावर येतात ना? तिजोरीचा आकडा बाबांना सांगून ठेवू नका.

शिवाय नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात शस्त्रप्रशिक्षण घेतलंय का, हा प्रश्न असतो. क्लास केलात तर खरं उत्तर द्या. त्याने नागरिकत्व अडत नाही, खोटं बोलल्याने अडतं.

सुपारीवाली:
मी क्लास केलाय, न्यू जर्सीतच, म्हणून जरा सविस्तर.

इथे दुकानात जाऊन घेता येत नाही. आधी फायरआर्म्स ओळखपत्र, हँडगनसाठी शिवाय वेगळा परमिट. बोटांचे ठसे, तुम्हाला ओळखणाऱ्या दोन माणसांची नावं, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायची संमती. डिसेंबर २०२२ च्या कायद्यापासून प्रशिक्षणही लागतं. मी संदर्भासाठी मैत्रिणीचं नाव दिलं तर तिने आधी मला फोन करून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

क्लासमध्ये पहिले दोन तास गोळी नाहीच. चार नियम घोटून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळी कधी वळवू नका, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि लक्ष्य काय व त्याच्या मागे काय ते आधी ओळखा. चौथा ऐकायला सोपा वाटतो. आमच्या घराच्या भिंती प्लास्टरबोर्डच्या आहेत. हॉलमध्ये झाडलेली गोळी मुलीच्या खोलीत जाते, हे प्रशिक्षकाने फळ्यावर आमच्याच घरांचे नकाशे काढायला लावून दाखवलं. घामच फुटला.

उरलेला वेळ कायदा. इथे घराबाहेर सुरक्षित माघार घेता येत असेल तर घ्यावी लागते, टेक्सासचं ‘मागे न हटता जागच्या जागी प्रतिकार’ इथे चालत नाही. आणि १९९२ ची लुइझियानातल्या बॅटन रूजची गोष्ट: योशिहिरो हातोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोवीन पार्टीसाठी चुकीच्या घराची बेल वाजवून बसला. घरमालक ‘फ्रीज’ (हलू नकोस) म्हणाला, पोराला कळलंच नाही. मालकाच्या गोळीने गेला. मालक निर्दोष सुटला. मला त्या मालकाचीच भीती वाटली, कारण त्या जागी मी स्वतःला बघू शकत होते.

मी कार्ड काढलं. बंदूक घेतली नाही. क्लासचे पैसे मात्र वसूल.

टेक्सासचा मावळा:
कार्ड काढून बंदूक नाही म्हणजे पोहायला शिकून नदीला पाठ!

सुपारीवाली:
असेना. पोहता येतं ना?

खंडेनवमी:
पोलिसांचंही बोला कोणीतरी. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टिलकडे रीतसर परवाना होता. गाडी अडवल्यावर त्याने स्वतःहून सांगितलं, माझ्याकडे बंदूक आहे. पोलिसाने सात गोळ्या झाडल्या, तो गेला. तो पोलीसही निर्दोष सुटला. आपल्या रंगाचा माणूस बंदुकीसह अडवला गेला तर परवाना दाखवायला वेळ मिळेल, याची खात्री मला तरी नाही.

टेक्सासचा मावळा:
हे मान्य. माझ्या मुलाला मी गाडीत नेऊ देत नाही.

पिंपळपान:
सगळ्यांचे आभार, मावळ्यांचेही. शनिवारच्या क्लासला नाव घातलंय. बायकोला सांगितलं तर म्हणाली, मीही येते, तुझ्या एकट्याच्या डोक्यात काय भरवतील कोण जाणे.

रात्रपाळी ताईंचं वाचून आम्ही एक गोष्ट केली. मुलगा ज्या मित्राकडे दर शुक्रवारी राहायला जातो, त्याच्या आईला सरळ विचारलं, घरात बंदूक आहे का? अगदी सहज म्हणाली, दोन आहेत, कपाटात. कुलूप आहे का, हे विचारायला माझी जीभ रेटेना. बायकोने विचारलं.

कोकणी कासव:
आणि?

पिंपळपान:
आहे म्हणाली. किल्ली कपाटाच्या वरच ठेवतात.